जुनी डिझेल गाडी, आणि ती कुणाच्या नावावर

सातबारा कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, यावर आपण गेली कित्येक वर्षं बोलत आलो. शिबिरं घेतली, मोर्चे काढले. गाडीबद्दल मात्र आपण बोलत नाही. गाडी म्हटलं की ती पुरुषांची बाब, नाहीतर चैनीची. संस्थेच्या बैठकीत 'गाडी घेऊ या' असं कुणी म्हटलं तर पहिली प्रतिक्रिया अपराधीपणाची असते. लोक काय म्हणतील, देणगीदार काय म्हणतील, बायकांच्या नावानं पैसे आणून ह्या गाड्या उडवतात म्हणतील. दुसरी प्रतिक्रिया अशी की, 'ते गाडीबिडीचं आपल्याला काय कळतंय, अमुक भाऊंना विचारू.' मग अमुक भाऊ त्यांच्या ओळखीच्या माणसाची गाडी आपल्या गळ्यात मारतात.

मी मराठवाड्यात काम करते. आमच्याकडे ज्या गावांत जावं लागतं तिथे एस.टी. दिवसातून एकदा, फार तर दोनदा जाते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं ही फार मोठी गोष्ट झाली. बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली. पण अर्धं तिकीट असून गाडीच नसेल तर काय? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला तेव्हा हे सगळ्यांना कळलं. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल सहानुभूती ठेवूनही सांगते, त्या महिन्यांत वाडीवस्तीवरच्या बाईचं जग तिच्या पायांच्या पल्ल्याएवढं उरलं होतं. आणि मारहाण काही एस.टी.च्या वेळापत्रकानं होत नाही. रात्री अकराला फोन येतो. अशा वेळी भाड्यानं जीप करायची तर गावात दोनच जीपा. त्यातली एक नवऱ्याच्या चुलतभावाची, दुसरीचा मालक सरपंचाच्या बैठकीतला. आपण निघायच्या आत बातमी पुढे पोचलेली असते. गाडी ही सोय आहेच, पण आमच्या कामात ती गुप्ततेचा भाग आहे. समुपदेशनाच्या खोलीला दार हवं हे आपण मान्य करतो, तसंच हे.

तेव्हा गाडी हवी, हे माझं मत. नवी परवडत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'प्रवास' या सदराखाली माणशी काही रुपये मिळतात, पण गाडी विकत घ्यायला पैसे मागितले की भुवया वर जातात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गाडीचा खर्च बहुधा त्यातच धरला जातो. म्हणून लहान संस्थांपुढे एकच वाट उरते, जुनी गाडी. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलं की समोर येतात त्या बहुतेक डिझेलच्या: बोलेरो, सुमो, इंडिका, स्विफ्ट.

हे असं का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे पेट्रोलची किंमत जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळी झाली, डिझेलची मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत पूर्ण मोकळी झाली नव्हती. मधल्या काळात दोन्हींतलं अंतर लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास गेलं. ट्रॅक्टरसाठी, मालवाहतुकीसाठी, एस.टी.साठी म्हणून स्वस्त ठेवलेलं डिझेल शहरातल्या मोटारींच्या टाकीत गेलं. लोकांनी डिझेलच्या गाड्या धडाधड घेतल्या. मग अंतर मिटत गेलं. एप्रिल २०२० पासून 'बीएस ६' हे प्रदूषणाचे कडक नियम आले, मारुतीसारख्या कंपनीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्या लाटेत घेतलेल्या गाड्या आज दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत आणि मालकांना त्या घरातून काढायच्या आहेत. कुणाची तरी नकोशी झालेली वस्तू आपल्या वाट्याला येते आहे, हे विसरायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या वस्तू वापरत आलेल्या बायकांना हे सांगायला नको, पण गाडीच्या बाबतीत उतरलेली वस्तू खिसा कापते.

स्वस्त मिळते म्हणून घ्यावी का? इथे एक साधा हिशोब मांडावा लागतो आणि तो आपणच मांडला पाहिजे, भाऊंनी नव्हे. समजा तुमची गाडी महिन्याला १५०० किलोमीटर धावते. डिझेलची जुनी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, तेवढीच पेट्रोलची १२ देते असं धरू. डिझेल ९४ लिटर लागेल, पेट्रोल १२५. २०२५ साली मुंबईत डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास होतं, पेट्रोल एकशेचारच्या आसपास. म्हणजे साडेआठ हजारांपुढे तेरा हजार. महिन्याला साडेचार हजार वाचतात, वर्षाला पन्नास हजारांवर. आता हीच गाडी तालुक्याच्या गावातच फिरते, महिन्याला ४०० किलोमीटर. मग बचत बाराशे रुपयांच्या आसपास येते, वर्षाला पंधरा हजारसुद्धा नाही. डिझेल गाडीचे इंजेक्टर, पंप, टर्बो यांतलं एकच काही गेलं की कित्येक वर्षांची ही बचत एका झटक्यात गॅरेजवाल्याच्या गल्ल्यात जाते. म्हणून ज्यांचं काम एका शहरात आहे, कोर्ट, पोलीस चौकी आणि वस्ती एवढ्यातच ज्यांची ये-जा आहे, त्यांनी जुन्या डिझेलच्या वाटेला जाऊ नये. तिथे रिक्षा बरी, नाहीतर पेट्रोलची लहान गाडी.

त्यातही जुनी आणि 'थोडी कमी जुनी' यांत फरक आहे. अगदी जुन्या सुमो, इंडिका यांच्या इंजिनांत फारशी भानगड नसते. लोखंडाचा ठोकळा, यांत्रिक पंप, तालुक्याचा मिस्त्री पाना घेऊन दुरुस्त करतो. नंतरच्या गाड्यांत 'कॉमन रेल' आलं, म्हणजे डिझेल फार मोठ्या दाबानं बारीक भोकांतून फवारलं जातं. गाडी ताकदवान होते, धूर कमी होतो, पण डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला तर ते सहन होत नाही आणि दुरुस्तीला संगणक लागतो. आपल्या गावात कॅनमधून विकलं जाणारं डिझेल अशा गाडीत घालणं म्हणजे तिला विष घालणं. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवून ठेवणारी एक चाळणी असते. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. रोज दोन-दोन किलोमीटर चालवलेल्या गाडीत ही चाळणी तुंबते, आणि ती बदलायची किंमत ऐकून घाम फुटतो. नवी म्हणून चांगली, असं इथे नाही.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्तात मिळते म्हणून कुणी सुचवेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि २०२५ मध्येही त्यावर न्यायालयात सुनावण्या चालूच होत्या. या बंदीमुळे तिथल्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. महाराष्ट्रात आणायची तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि इथला रस्ता कर भरावा लागतो, तोही डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त दरानं. स्वस्ताईतला बराच भाग तिथेच संपतो. आपल्याच राज्यातल्या गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलेलं असेल तर पुढचाही खर्च धरा. तपासणी करून पाच वर्षांनी वाढवून मिळतं, पण त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झालं, शिवाय पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी विकणारा माणूस हे आपणहून सांगत नाही.

गाडी बघायला जाताना बायकांनी जावं. दोघीतिघींनी, आणि सोबत आपण पैसे देऊन नेलेला मिस्त्री, विकणाऱ्यानं बोलावलेला नव्हे. मिस्त्री सांगेल ते ऐकावं, पण काही गोष्टी आपल्यालाही बघता येतात, त्यात काही विद्या नाही. सकाळी जावं आणि आधी बॉनेटला हात लावावा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत ती सुरू व्हायला कटकट करत असणार. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते, हवा दाबून तापवून त्यात डिझेल पेटवलेलं असतं. तो दाब इंजिन झिजल्यावर धरत नाही, म्हणून गार इंजिन कसं सुरू होतं यावरून त्याचं वय कळतं. मग धूर बघावा. सुरू करताना जरा दिसून गेलेला धूर चालतो. सतत काळा येत असेल तर डिझेल नीट जळत नाही, बिघाड एअर फिल्टर, इंजेक्टर असा कुठेही असेल. निळसर असेल तर इंजिन ऑइल खातं आहे, आणि ते मोठ्या खर्चाचं काम. गाडी चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडायला सांगा. तिथून भसाभस वाफारा येत असेल तर नमस्कार करून परत फिरावं.

मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, चालकाच्या सीटचा खड्डा हे खोटं बोलत नाहीत. साठ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचं पायपट्टीचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून टायर कधीचा ते कळतं. गाडीत टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची पावती नसेल, तर घेतल्या घेतल्या बदलावा. तो धावत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खलास होतं. कोकणातून आलेली गाडी असेल तर खाली वाकून, नव्हे आडवं पडून, गंज बघावा. एक कार्यकर्ती साडी खोचून गाडीखाली गेली की विकणाऱ्याचा बोलण्याचा सूर कसा बदलतो, तो अनुभव प्रत्येकीनं एकदा घ्यावा.

धुराचा मुद्दा एवढ्यावर सोडून देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसांत कर्करोग निर्माण करतो असं जाहीर केलं, तंबाखूच्या गटात त्याला बसवलं. हा धूर सगळ्यात जास्त कोण घेतं? रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणारी, सिग्नलवर गजरे विकणारी, झाडू मारणारी. आपण चुलीच्या धुराबद्दल आयुष्यभर बोललो आणि मग आपल्याच गाडीच्या सायलेन्सरमधून तो वस्तीत सोडला, असं होऊ नये. माझ्यापुरतं मी उत्तर काढलं आहे. जिथे दुसरं वाहन नाही आणि अंतरं लांब आहेत तिथे जुनी डिझेल गाडी चालवावी, नीट ठेवून चालवावी, पीयूसी पैसे देऊन 'मिळवू' नये, खरोखर तपासून घ्यावी, आणि वस्तीत उभी असताना इंजिन चालू ठेवू नये. हे उत्तर पुरतं समाधानकारक नाही. शहरातल्या मैत्रिणींना ते मुळीच लागू नाही, आणि त्यांनी ते सबब म्हणून वापरू नये.

आता मूळ मुद्दा, नावाचा. आमच्याकडे आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतकीच. नवऱ्यानं वडापसाठी जुनी डिझेल जीप घेतली. पैसे तिच्या गळ्यातल्या पोतीचे आणि बचत गटाच्या कर्जाचे. गाडी तिच्या नावावर केली. तिला वाटलं, चला, एवढं तरी आपलं झालं. दोन वर्षांनी त्यानं गाडी कुणाला तरी 'कागदावर' विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदललं नाही. पुढे त्या गाडीनं एकाला उडवलं. विमा संपलेला. नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती हिच्या नावानं. तिनं गाडीचं चाक कधी हातात धरलेलं नव्हतं, विकल्याचे पैसे पाहिले नव्हते.

कायदा काय म्हणतो ते पक्कं लक्षात ठेवायला हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे ती व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या फेब्रुवारीत नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे विकणारीनं फॉर्म २९ आणि ३० वर सही करून 'तुम्हीच करून घ्या' म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि घेणारीनंही तीस दिवसांच्या आत नाव लावून घ्यायचं, गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ मागायचा. कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नाही, समोरचा नवरा असला तरी.

याची दुसरी बाजू बायकांना जास्त ओळखीची आहे. पैसे तिचे, दागिने तिचे, आणि गाडी त्याच्या नावावर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे, स्त्रीधनाची विल्हेवाट लावण्यापासून नवऱ्याला रोखता येतं आणि ते परत करण्याचा आदेश मागता येतो. पण दागिन्याची गाडी झाली की ते स्त्रीधन होतं हे सिद्ध करायला पावती लागते. सोनाराची पावती, बँकेतला व्यवहार, गाडीचा सौदा, हे एका दोऱ्यात ओवलेलं नसेल तर न्यायालयात आपला शब्द आणि त्याचा शब्द एवढंच उरतं. केस घेताना आपण मंगळसूत्र, भांडी, कपाट यांची यादी करतो. त्या यादीत गाडीचा रकाना हवा: कुणाच्या पैशानं घेतली, कुणाच्या नावावर आहे, विमा कधी संपतो.

संस्थेची गाडी संस्थेच्या नावावर घ्यावी. अध्यक्षबाईंच्या मुलाच्या नावावर नाही, 'कर कमी पडतो' म्हणून कार्यकर्तीच्या नावावर तर नाहीच. व्यक्तीच्या नावावरून संस्थेच्या नावावर आणताना कराचा दर बदलू शकतो, ते सौद्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. आणि विम्यात काटकसर करू नये. जुन्या गाडीला लोक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, कारण कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे. पण खाजगी गाडीत विनामोबदला बसवून नेलेल्या माणसांचं नुकसान त्या विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलं आहे. आपण तर गाडीत बसवून नेतो त्या मार खाल्लेल्या बायकांना आणि त्यांच्या लेकरांना. त्यांच्यासाठी वेगळं जादा संरक्षण विम्यात घालून घ्यावं लागतं. तसंच पांढऱ्या पाटीच्या गाडीत 'डिझेलपुरते' म्हणून बायकांकडून पैसे घेतले की ती भाड्याची वाहतूक ठरते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला पळवाट मिळते. वर्गणी करायचीच असेल तर ती संस्थेची म्हणून वेगळी, पावती देऊन करावी.

राहता राहिला चालक. गाडी आपली आणि चालक गावातला पुरुष असेल तर वर ज्या गुप्ततेबद्दल लिहिलं ती अर्धीच मिळते. दिल्लीत आझाद फाउंडेशननं २००८ पासून गरीब वस्तीतल्या बायकांना चालक म्हणून तयार केलं, एस.टी. महामंडळातही बायका चालक झाल्या, तेव्हा बायकांना जमत नाही हे म्हणायची सोय उरलेली नाही. आमच्या बैठकीत मी असं मांडलं आहे की गाडी येण्याआधी निदान दोघींचा परवाना यावा, त्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. त्या दोघींना फक्त चाक धरणं नाही, तर डिपस्टिकनं ऑइल बघणं, पाणी बघणं, टायर बदलणं, डिझेल संपून बंद पडलेल्या गाडीची हवा काढणं हेही शिकवावं. डिझेल गाडी टाकी कोरडी झाली की नुसतं डिझेल ओतून बऱ्याचदा सुरू होत नाही, पाइपात हवा शिरलेली असते. अगदी जुन्या गाडीत ती हातानं पंप करून काढता येते. हे धारूरच्या घाटात रात्री दीड वाजता शिकायची गोष्ट नाही.

बैठकीत एकीनं विचारलं की दोघी शिकल्या आणि गाडी शिकून झाल्यावर टॅक्सी चालवायला पुण्याला निघून गेल्या तर? मी म्हटलं, जाऊ देत, आणखी दोघींना शिकवू. यावर अजून एकमत झालेलं नाही. इतर संस्थांनी हे कसं सोडवलं ते त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं, विशेषतः ज्यांच्याकडे बाई चालक आहे आणि रात्रीच्या ड्यूटीचा पगार दिला जातो त्यांनी.